पॉसमच्या कातड्याचं पांघरूण: थांबलेलं काम पुन्हा हातात कसं आलं

प्रश्न विचारणाऱ्या बाई मेलबर्नमध्ये मुलांना चित्रकला शिकवतात. त्यांचं विचारणं थोडक्यात असं: व्हिक्टोरिया राज्यातल्या ॲबोरिजिनल लोकांची पॉसमच्या (झाडावर राहणाऱ्या, मांजराएवढ्या, पोटाला पिशवी असलेल्या प्राण्याच्या) कातड्याची पांघरुणं बनणं जवळजवळ थांबलं होतं, मग आजच्या कलाकारांनी ती परत कशी आणली? एक पांघरूण प्रत्यक्षात कसं तयार होतं? आणि शाळेतल्या मुलांना यातलं काय करू द्यावं?

मुलांचा प्रश्न शेवटी घेऊ, पण एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण शाळांमध्ये सगळ्यात जास्त चूक तिथेच होते. ठिपके काढू नका. ‘ॲबोरिजिनल कला’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ठिपक्यांची चित्रं येतात. ती मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातली आहेत. पापुन्या नावाच्या वस्तीत १९७१ साली ज्येष्ठ पुरुषांनी वाळूवर आणि अंगावर काढायच्या आकृत्या फळ्यांवर रंगवायला घेतल्या, आणि तिथून ती शैली जगभर गेली. मेलबर्नपासून पापुन्या सुमारे २००० किलोमीटर. व्हिक्टोरियाच्या कूरी लोकांची (आग्नेय ऑस्ट्रेलियातले ॲबोरिजिनल स्वतःला कूरी म्हणवतात) रेघ वेगळी आहे. समांतर रेषा, नागमोडी पट्टे, एकात एक बसवलेले शंकरपाळे. आणि ही रेघ मुळात रंगवायची नसून कोरायची आहे. ढालीवर, झाडाच्या खोडावर, कातड्यावर.

आता पांघरुणाकडे. आग्नेय ऑस्ट्रेलियाचा हिवाळा ओला आणि वाऱ्याचा असतो. तिथे बाळ जन्मलं की थोड्या कातड्यांचं लहान पांघरूण करायचं आणि मूल वाढेल तशी कातडी जोडत जायची. माणूस गेला की अनेक ठिकाणी त्याला त्याच पांघरुणात गुंडाळून पुरत. घालायची पद्धत अशी की हात मोकळे राहावेत: एका खांद्यावरून घ्यायचं, दुसऱ्या काखेखालून काढायचं आणि खांद्यापाशी हाडाच्या टाचणीने अडकवायचं. पाठीशी बाळ मावतं. थंडीत केस आत, पावसात केस बाहेर. घडी घातलेलं कातडं मांड्यांमध्ये ताणून बायका समारंभात त्यावर ताल धरत. म्हणजे एकच वस्तू कपडा, अंथरूण, झोळी, वाद्य आणि कफन. कूरींपैकी योर्टा योर्टा लोकांच्या भाषेत तिला ‘बिगांगा’ म्हणतात.

एकोणिसाव्या शतकात हे थांबलं त्याला एक कारण नाही. जमिनी गेल्या, शिकारीची रानं गेली, लोकांना मिशनच्या वस्त्यांवर आणून ठेवलं आणि तिथे भाषा-समारंभांवर बंदी आली. पण एक कारण फार साधं दिसतं आणि म्हणून सुटून जातं: सरकारी ब्लँकेट. पॉसमच्या पांघरुणाच्या जागी लोकरीची ब्लँकेटं वाटली गेली. आपल्याकडच्या जाड, घट्ट विणलेल्या घोंगडीवरून पाऊस बराच वेळ ओघळून जातो. ही वाटपाची ब्लँकेटं तशी नव्हती. भिजली की भिजलेलीच राहत. ओल्या ब्लँकेटात झोपणाऱ्यांच्या छातीच्या आजारांत त्यांचा वाटा होता, असं आज कूरी लोक आणि अभ्यासक दोघेही सांगतात. आणि वर्षाला एक फुकट ब्लँकेट मिळायला लागलं की चाळीस-पन्नास कातडी कमावून शिवण्याचं काम पुढच्या पिढीच्या हातात उतरत नाही.

तरी धागा पूर्ण तुटला नाही. कोरँडर्क वस्तीतले, वुरुंजेरी लोकांचे ज्येष्ठ विल्यम बराक १९०३ मध्ये वारले. त्यांनी कागदावर समारंभाची जी चित्रं काढली, त्यांत माणसांच्या अंगावर नक्षीची पांघरुणं ठसठशीत दिसतात. प्रत्यक्ष जुनी पांघरुणं मात्र जगभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. त्यातली दोन मेलबर्नच्या संग्रहालयात आहेत: एक एचूकाजवळच्या मेडन्स पंटचं, १८५३ सालचं, योर्टा योर्टांच्या भूमीतलं; दुसरं लेक कोंडाचं, १८७२ सालचं, गुंडिट्जमारा लोकांचं.

१९९९ मध्ये छापचित्रांच्या एका कार्यशाळेच्या निमित्ताने काही कूरी कलाकारांना ही पांघरुणं जवळून पाहायला मिळाली. विकी कझन्स आणि डेब्रा कझन्स या गुंडिट्जमारा बहिणी, आणि ली डॅरोक व ट्रिआना हॅम या योर्टा योर्टा कलाकार. चौघींनी दोन्ही पांघरुणांच्या प्रतिकृती करायचं ठरवलं. त्या आज कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. इथे ‘समकालीन कला’ नेमकी कुठे कामाला आली ते पाहण्यासारखं आहे. धातूच्या पत्र्यावर सुईने रेघ ओढणाऱ्या हाताला कातड्यावरची कोरलेली रेघ वाचता येते: कुठे जोर दिला, कुठे हत्यार घसरलं, कुठून कुठे ओढलं. आणि अनुदान, पैसे देऊन सांगितलेली कामं, प्रदर्शन ही कलाजगतातली यंत्रणा नसती तर इतक्या कातड्यांचा खर्च कुणी उचलला नसता.

आधी प्रतिकृती आणि मग स्वतःचं, हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. नक्कल करताना हात जुन्या माणसाच्या निर्णयांमागून चालतो. थेट ‘आधुनिक आविष्कार’ करायला गेलं की जे कळलेलं नाही ते झाकलं जातं.

पहिली अडचण कातड्याची. ब्रशटेल पॉसम व्हिक्टोरियात संरक्षित आहे. मारता येत नाही आणि रस्त्यावर मेलेला उचलून न्यायलाही परवानगी लागते. पण हाच प्राणी १८३७ पासून फरच्या धंद्यासाठी न्यूझीलंडला नेऊन सोडला गेला आणि तिथे त्याने जंगलांचं आणि पक्ष्यांचं अतोनात नुकसान केलं. तिथे तो उपद्रवी म्हणून मारला जातो. त्यामुळे आजची बहुतेक पांघरुणं न्यूझीलंडहून कमावून आलेल्या कातड्यांची असतात. आपल्याच प्राण्याचं कातडं परदेशातून विकत घ्यायचं, हा विनोद कूरी कलाकारांना चांगलाच कळतो.

कातडी मागवताना कमावण्याची पद्धत विचारा. क्रोमने (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेलं कातडं आतल्या बाजूने निळसर-करडं दिसतं; त्यावर डागणीचं, म्हणजे तापलेल्या लेखणीने रेघ भाजून उमटवण्याचं, काम केलं तर त्या धुरात क्रोमियमची घातक संयुगं असू शकतात. डागायचं असेल तर झाडाच्या सालीने किंवा तुरटीने कमावलेलंच घ्यावं. सालीने कमावलेल्याला एक खोड असते: ओलं असताना गंजकं लोखंड लागलं तर निळा-काळा डाग पडतो आणि तो निघत नाही. पाण्याच्या वाट्या, टाचण्या, वजनं स्टेनलेस स्टीलची किंवा काचेची ठेवा.

आता हिशेब. मोठ्या माणसाच्या पांघरुणाला साधारण ३५ ते ६० कातडी लागतात. पाय, शेपूट आणि पोटाकडचा पातळ भाग काढून चौकोन केला की एका कातड्यातून सुमारे २५ बाय ३५ सेंटिमीटरचा तुकडा मिळतो. आडवे ८ आणि उभे ५ लावले तर ४० तुकड्यांत २०० बाय १७५ सेंटिमीटरचं पांघरूण होतं. या मांडणीत शिवणीची एकूण लांबी सव्वावीस मीटर भरते. दर ४ मिलिमीटरला एक टाका म्हणजे ५००० टाके. मिनिटाला ५ टाके धरले तरी १६-१७ तास नुसत्या शिवणीचे, आणि नवशिक्याचा हात मिनिटाला ५ टाके घालत नाही. म्हणून हे काम चार-सहा जणींनी भोवताली बसून करायचं असतं. गोधडीला जशा आजूबाजूच्या बायका बसतात तसं. एकटीने करायला घेतलेली पांघरुणं बहुधा तिसऱ्या ओळीत अडकतात.

कापताना कात्री लावायची नाही. कात्रीने कातड्याबरोबर केसही कापले जातात आणि शिवणीवर टक्कल पडल्यासारखा पट्टा दिसतो. कातडं केस खाली करून ठेवा, आतल्या बाजूला पट्टीने रेघ आखा आणि धारदार पात्याने फक्त कातड्यापुरतं कापा. पुढचं टोक किंचित उचलून धरलं की पातं केसांत शिरत नाही. तुकडे मांडताना सगळ्यांच्या केसांचा कल वरून खाली ठेवा. एक तुकडा उलटा लागला तर डोळ्याला लगेच कळत नाही, पण हात फिरवला की कळतो, आणि पाऊस पडला की पाणी तिथेच थबकतं. मानेकडचं कातडं जाड, बगलेकडचं पातळ. जाडाला जाड भिडेल असं लावा, नाहीतर पातळ कडेला टाका फाडून निघतो.

जुन्या काळी कातडं लाकडी खुंट्यांनी झाडाच्या सालीवर ताणून, विस्तवाजवळ वाळवून, खरवडून घेत. हाडाच्या आरीने भोकं पाडत आणि कांगारूच्या शेपटीची तात वापरून शिवत. तात ओली असताना ओढायची. वाळली की टाका आपोआप आवळून बसतो. आज बहुतेक जणी मेण लावलेला जाड दोरा आणि चामड्याची तीनधारी सुई वापरतात. कडेला कड लावून, केस सुईच्या टोकाने आत ढकलत, काठावरून वळसा घेणारा तिरपा टाका घालायचा. टाका कडेपासून २-३ मिलिमीटरवर. जवळ घेतला तर फाटतो, लांब घेतला तर शिवण उंच उभी राहते. प्रत्येक ओळ झाली की ती उलटून गुळगुळीत हाडाने किंवा चमच्याच्या पाठीने दाबून सपाट करा. हे टाळलं की पुढे डागणीच्या वेळी त्रास होतो.

नक्षीबद्दल जरा सविस्तर, कारण खरी गंमत तिथे आहे. जुनी नक्षी शिंपल्याच्या धारेने कोरलेली असे. गोड्या पाण्यातला शिंपला, त्याची कड घासून धारदार केलेली. कातड्याच्या आतल्या बाजूवर तिने खोल रेघा ओढायच्या आणि त्यांत गेरू चोळायचा. आपण म्हणू सजावट. पण वाळलेलं कातडं पुठ्ठ्यासारखं ताठ असतं. पृष्ठभागावरचे तंतू रेघेने तुटले की तिथून ते दुमडतं. रेघांचं जाळं जितकं दाट तितकं पांघरूण मऊ पडणार. म्हणजे ही नक्षीच पांघरुणाला अंगावर बसायला शिकवते. कुळाची आणि भूमीची खूण आणि कातडं नरम करायची युक्ती, दोन्ही एकाच हाताने. आजचं कमावलेलं कातडं आधीच मऊ असतं, त्यामुळे हे कोरणं तांत्रिक गरज म्हणून उरलेलं नाही. बहुतेक कलाकार विजेवर तापणाऱ्या लेखणीने रेघ डागतात. ती तपकिरी, स्वच्छ आणि कायमची उमटते.

डागणीत बिघडतं ते जवळजवळ नेहमी घाईमुळे. उष्णता जास्त झाली की रेघेच्या दोन्ही कडा आकसतात, कातडं वळतं आणि तिथे ते काचेसारखं कडक होऊन नंतर तडकतं. लेखणी एका जागी थांबली की आरपार भोक. पलीकडून जळक्या केसांचा वास आला तर समजा, खोल गेलात. कापून उरलेल्या तुकड्यावर आधी किमान दहा रेघा ओढून उष्णता ठरवा, कमी ठेवा, रेघ दोनदा फिरवा. खिडकी उघडी, पंखा धूर बाहेर ओढणारा, आणि तोंडाला नुसता कापडी मास्क नव्हे.

आधी शिवायचं की आधी डागायचं? नक्षीत नदीसारखं काही सलग तुकड्यांवरून वाहणार असेल तर आधी शिवा. मग शिवणीच्या उंचवट्यावर लेखणी उडी मारते आणि रेघ तुटते. म्हणून मघाचं ते दाबणं. प्रत्येक घराने आपापला तुकडा करायचा असेल तर आधी डागा, मग जोडा. सामुदायिक पांघरुणांत मला दुसरी पद्धत बरी वाटते. हात वेगळे दिसतात, आणि ते दिसायलाच हवेत.

रंगासाठी गेरू, पिवळी माती, पांढरी माती. बारीक वाटून, वस्त्रगाळ करून. पूर्वी चरबीत कालवत. आज डिंकाचं पाणी किंवा ॲक्रिलिकचं पातळ माध्यम घेतात. मातीइतकंच माध्यम घ्या आणि पाण्याने ताकासारखं पातळ करा. माध्यम कमी पडलं तर गेरू घालणाऱ्याच्या कपड्यांना लागतो, जास्त झालं तर वर पापुद्रा होऊन घडीवर फुटतो. एका जाड थरापेक्षा चोळून भरलेले दोन पातळ थर टिकतात. आणि माती कुठली आणायची हेही विचारायचं असतं. गेरूच्या खाणी कुणाच्या तरी भूमीत असतात.

इथून परवानगीचा विषय. नक्षी ‘पब्लिक डोमेन’, म्हणजे कुणीही वापरावी अशी, नसते. अमुक शंकरपाळा अमुक कुळाचा, अमुक वळण अमुक नदीचं, आणि ते कोण काढू शकतं हे ज्येष्ठ ठरवतात. ऑस्ट्रेलियाचा कॉपीराइट कायदा एका कलाकाराचं, ठराविक वर्षांपुरतं काम ओळखतो. सगळ्या कुळाच्या सामायिक नक्षीला तो पुरत नाही. १९९४ मध्ये कलाकारांच्या परवानगीविना त्यांची चित्रं गालिच्यांवर उतरवल्याचा एक मोठा खटला कलाकारांनी जिंकला, पण तोही कॉपीराइटच्या चौकटीत राहूनच. व्हिक्टोरियाने २०१६ मध्ये आपल्या २००६ च्या वारसा कायद्यात दुरुस्ती करून अमूर्त वारशाच्या नोंदणीची आणि संरक्षणाची सोय केली. व्यवहारात मात्र कायद्याच्या आधी माणसाला विचारलेलं बरं.

२००६ च्या मार्चमध्ये मेलबर्नच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या उद्घाटनात व्हिक्टोरियाच्या तीसहून अधिक भाषागटांचे ज्येष्ठ आपापल्या गटाने केलेली पांघरुणं घालून उतरले. त्यासाठी आधी गावोगावी कार्यशाळा झाल्या आणि ज्यांनी आयुष्यात कधी पॉसमचं कातडं हातात धरलं नव्हतं अशा घरांत शिवण पोचली. माझ्या मते पुनरुज्जीवन म्हणावं ते इथून. १९९९ नंतरच्या प्रतिकृती काचेमागे गेल्या आणि तिथेच थांबल्या असत्या तर तो संग्रहालयाचा विजय ठरला असता. आज ही पांघरुणं बारशाला, पदवीदानाला, अंत्यविधीला अंगावर असतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये सिनेटर लिडिया थॉर्प यांनी कॅनबेराच्या संसदेत राजे चार्ल्स यांच्यापुढे निषेध केला, तेव्हाही त्यांच्या अंगावर पॉसमचं पांघरूणच होतं.

अशीच वाट इतर वस्तूंचीही आहे. मारी क्लार्क यांनी नदीकाठच्या बोरूचे तुकडे आणि पिसं ओवून केलेल्या माळा आणि कांगारूच्या दातांच्या माळा परत आणल्या. बोरूची माळ पूर्वी आपल्या भूमीतून जाणाऱ्या पाहुण्याला सुखरूप वाटचालीची खूण म्हणून देत. टास्मानियाच्या शंखांच्या माळा मात्र या यादीत घालू नका. त्या कधी थांबल्याच नाहीत; तिथल्या बायकांनी आईकडून मुलीकडे अखंड चालवल्या. ‘पुनरुज्जीवित’ म्हटलं तर त्यांचा अपमान होतो. थांबलेल्यांबद्दलही कूरी लोक ‘मेलेली परंपरा’ म्हणत नाहीत. ‘झोपलेली’ म्हणतात.

जपणुकीचं थोडक्यात. फरला कसर आणि कातडं खाणारे किडे लागतात. शंका आली तर पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर कातड्यावर दव धरतं. धुवायचं नाही. भिजलं तर सावलीत पसरून वाळवायचं, हीटरजवळ कधीच नाही. एरवी सुती चादरीत सैल गुंडाळून ठेवायचं; प्लास्टिकमध्ये कायमचं नाही. संग्रहालयातल्या जुन्या वस्तूंना हातमोजे का घालायला लावतात असं मुलं विचारतील. एक कारण आपल्या हाताचा घाम. दुसरं, पूर्वी अशा वस्तूंवर किडे लागू नयेत म्हणून आर्सेनिक मारत.

आता तुमच्या वर्गाचं. आधी ज्यांच्या भूमीवर शाळा आहे त्यांच्या संस्थेला विचारा. मेलबर्न परिसरात ती बहुधा वुरुंजेरी किंवा बुनुराँग लोकांची असेल. फेडरेशन स्क्वेअरमधल्या कूरी हेरिटेज ट्रस्टकडेही चौकशी करता येते. कलाकाराला बोलवायचं तर मानधन देऊन. मुलांकडून कूरी नक्षीची नक्कल करून घेऊ नका, आणि खरं कातडं व तापलेली लेखणी तर नकोच. त्याऐवजी जाड तपकिरी कागदाचे २५ बाय ३५ सेंटिमीटरचे तुकडे द्या. प्रत्येक मुलाने आपल्या घराची जागा काढायची: आजोळची नदी, सांगलीची गल्ली, मेलबर्नच्या घरामागचं कुंपण. रंगाने नाही, शाई संपलेल्या बॉलपेनने, खाली वर्तमानपत्राची घडी ठेवून, दाबून. कडेला एक-एक सेंटिमीटरवर भोकं पाडा, लोकरीने जोडा. सगळं जोडून झालं की चौघांनी चार कोपरे धरून हळूच घडी घालू द्या. कागद कुठे दुमडतो ते मुलांना स्वतः पाहू द्या. तो त्यांच्या रेघांवर दुमडेल, आणि शिंपला नेमकं काय करत होता हे मग वेगळं सांगावं लागणार नाही.